पाहुण्याला आधी पाणी

अमरावती आणि अकोला महापालिकांत नव्यानं निवडून आलेल्या नगरसेवक आणि नगरसेविकांना,



माझं माहेर अमरावतीचं, अंबागेटच्या आतलं. सासर अकोल्याचं, जठारपेठेतलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बडनेरा, मूर्तिजापूर, कुरणखेड, बोरगाव मंजू ही नावं इतकी अंगवळणी पडली आहेत की, डोळे मिटून बसले तरी गाडीच्या वळणावरून कुठपर्यंत आलो ते सांगते. अकोल्यात शाळेत शिकवलं, तिथूनच निवृत्त झाले. दोन्ही शहरं मी माझीच समजते, म्हणून दोघांना मिळून हे एकच पत्र.

जवळजवळ चार वर्षं दोन्हीकडे सभागृह नव्हतं, प्रशासकच कारभार पाहत होते. आता तुम्ही आलात. थोड्याच दिवसांत अंदाजपत्रकं तुमच्यापुढे येतील. त्यात पूल असतील, रस्ते असतील, नाल्या असतील, पाण्याच्या टाक्या असतील. ते सगळं हवंच आहे. मी जे मागणार आहे ते त्या मानानं फार लहान आहे, आणि लहान असल्यामुळंच दर वर्षी राहून जातं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. आई चौऱ्याऐंशीची. गुडघे गेलेले, पण जीभ आणि स्मरण शाबूत. डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, तपासणी झाली आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हा साडेबारा वाजले होते. गल्लीत ऑटो येईना, म्हणून चौकापर्यंत चालायचं ठरवलं. दीडशे-दोनशे पावलं असतील. आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, एका हातानं माझा दंड धरला, आणि त्या पांढऱ्या उन्हात मिचमिच्या डोळ्यांनी चालू लागली. चौकात आलो आणि ती म्हणाली, "बसू दे वं थोडं." मी चारही बाजूंना पाहिलं. एक स्टीलचं बाक दिसलं, उघड्यावर. आई टेकली आणि चटका बसल्यासारखी उठली. चटकाच बसला होता.

तेवढ्यात टोप्या-गॉगल विकणाऱ्या हातगाडीवाल्यानं स्वतःच्या बुडाखालचं लाकडी स्टूल काढलं, कडूनिंबाच्या सावलीत ठेवलं आणि म्हणाला, "आजी, अथीसा बसा. काहून उन्हात उभ्या राह्यल्या?" ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली त्यानं पुढं केली. आईनं बाटली घेतली, ओठ ओले केले आणि परत दिली. मी म्हटलं, "पी ना वं, चांगलं दोन घोट पी." तर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "नको. मंग जाऊ कुठी?"

चौकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोन्ही शहरांतले बहुतेक चौक असेच आहेत, एकाचं नाव घेतलं तर दुसरे सुटतील. आईचं ते वाक्य मात्र त्या दिवसापासून माझ्या मागं लागलं आहे. घरी येऊन विचारलं तेव्हा कळलं की, सकाळच्या चहानंतर तिनं पाण्याला तोंडच लावलं नव्हतं. डॉक्टरकडे जायचं, किती वेळ लागेल सांगता येत नाही, मध्येच लागली तर पंचाईत. म्हणून पाणीच बंद. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, मे महिना, वऱ्हाडातलं ऊन.

मग मी स्वतःकडं पाहिलं. सदतीस वर्षं मी हेच करत आले. अमरावतीला निघायचं त्या दिवशी सकाळपासून पाणी मोजून प्यायचं, घरून निघताना जाऊन यायचं आणि थेट माहेरच्या न्हाणीघरात शिरायचं. शाळेत शिकवत होते तेव्हा आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या मुली असायच्या. उन्हाळ्याच्या तोंडावर तिसऱ्या-चौथ्या तासाला त्यांचं डोकं दुखायचं, कुणाला भोवळ यायची. बाटली भरलेली असायची, तशीच परत जायची. विचारलं की माना खाली. शाळेत आम्ही त्यावर उपाय केला. रस्त्यावर, स्टँडवर, चौकात तो उपाय माझ्या हातात नव्हता. तुमच्या हातात आहे.

पाहुण्याच्या हातात आधी पाण्याचा गडवा द्यायचा, मग "काय म्हणता?" विचारायचं, ही आपली रीत. घरात दाणा नसला तरी पाणी आणि बसायला सतरंजी असतेच. उन्हातून आलेल्या माणसाला गुळाचा खडा हातावर ठेवल्याशिवाय माझ्या सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं करत नसत, नुसतं पाणी बाधतं म्हणून. जेवायच्या वेळेला आलेला माणूस न जेवता गेला तर घरातल्या बाईला दिवसभर चुटपुट. निघताना "बसा ना वो, एवढ्यात कुठी चालले?" असं म्हणून माणसाला तीनदा खाली बसवायचं आणि मग स्टँडपर्यंत पोहोचवायला जायचं. लग्नात तर पाहुणे वाढले म्हणून कुणी कुरकुरलेलं मी पाहिलं नाही. उलट पंगत उठेपर्यंत यजमान उपाशी.

उंबऱ्याच्या आत आपण असे असतो. उंबऱ्याबाहेर तोच पाहुणा उभा राहिला की तो कुणाचाच नसतो.

आणि आपल्या शहरांना पाहुणे कोण येतात ते जरा आठवा. आपल्याकडे समुद्र नाही, किनारा नाही. फिरायला आलेले लोक अमरावतीत एखादी रात्र काढून चिखलदऱ्याला चढतात, अकोल्यातून नरनाळ्याला जातात किंवा शेगावची गाडी पकडतात. त्यांच्यासाठी हॉटेलं आहेत. खरे पाहुणे निराळेच. दर्यापूर-अंजनगावहून दाखल्यासाठी आलेला बाप, तेल्हाऱ्याहून कोर्टाच्या तारखेला आलेली म्हातारी, पातूर-बार्शिटाकळीहून सोनोग्राफीला आलेली गर्भार बाई आणि तिची आई, शिकवणी लावायला म्हणून मुलाला घेऊन आलेलं जोडपं. धारणीहून निघालेली कोरकू बाई सेमाडोह, परतवाडा करत चार-पाच तासांनी अमरावतीत उतरते ती डफरीन किंवा इर्विन दवाखान्यासाठी. तिच्याबरोबर आलेली चार माणसं मग दिवसभर आवाराबाहेर, जिथं जिथं सावली सरकेल तिथं तिथं सरकत बसतात. अकोल्यात लेडी हार्डिंगपाशी, मेडिकल कॉलेजपाशी हेच दृश्य. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची वस्ती साडेसहा लाखांच्या आत आणि अकोल्याची सव्वाचार लाखांच्या वर होती. पण दिवसा ही शहरं त्याहून कितीतरी जास्त लोकांची असतात. सकाळच्या एसट्या ओतून जातात आणि संध्याकाळच्या परत भरून नेतात. या लोकांचं मत तुमच्या वॉर्डात नसतं. म्हणूनच त्यांच्या वतीनं मी लिहिते आहे.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान उडालं तेव्हा आम्ही घरी पेढे आणले होते. खरंच आनंद झाला. माझ्या लहानपणी मुंबई म्हणजे बडनेऱ्याला रात्रीची गाडी आणि वळकटी. विमानानं येणाऱ्याला गार हवा आहे, खुर्ची आहे, स्वच्छ स्वच्छतागृह आहे. तेवढं सगळं मी चौकात मागत नाही. त्यातलं थोडंसं, आपल्या पद्धतीनं, एसटीनं येणाऱ्याला मिळावं एवढंच मागते.

हे आपल्याला जमत नाही असं तर मुळीच नाही. अकोलेकरांना मी कावडीची आठवण करून देते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अख्खं शहर रात्रभर जागं असतं. पोरं आदल्या संध्याकाळी गांधीग्रामला पूर्णेच्या काठी जातात, पाणी भरतात, आणि अठरा किलोमीटर अनवाणी चालत, खांद्यावर शेकडो भरण्यांची कावड घेऊन राजराजेश्वराला येतात. १९४४ पासून ही प्रथा चालत आल्याचं जुनी माणसं सांगतात. त्या रात्री रस्त्यावर काय नसतं! कुणी साबुदाण्याच्या उसळीची पातेली मांडतं, कुणी केळी वाटतं, कुणी चहा. पाण्याच्या कोठ्या ठिकठिकाणी. आमच्या गल्लीतला एक जण, जो एरवी दारात गाडी लावली तर भांडतो, त्या रात्री अंगणाची फाटकं सताड उघडी टाकून ओळखदेख नसलेल्या पोरांच्या पायांवर पाणी ओततो. मी दर वर्षी पाहते. कुणी सांगितलेलं नसतं, निविदा निघालेली नसते. अमरावतीत नवरात्रात अंबादेवी-एकवीरेच्या वाटेवर हेच. गांधी चौकातून पहाटे अनवाणी निघालेल्या बायांना त्या नऊ दिवसांत पाण्यावाचून कुणी राहू देत नाही.

१३ जानेवारी २०१८ ला अकोल्यात मोर्णेच्या पात्रात हजारो लोक उतरले होते, जलकुंभी ओढायला. शाळांची पोरं, डॉक्टर, दुकानदार, हमाल. मीही होते, गुडघाभर चिखलात. त्या महिन्याच्या शेवटी पंतप्रधानांनी रेडिओवर अकोल्याचं नाव घेतलं तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं जलकुंभी पुन्हा वाढली. मला यात लोकांचा दोष दिसत नाही. एक दिवस सगळं गाव येऊ शकतं, रोज येऊ शकत नाही. रोजचं काम करायला माणूस नेमावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणूनच तर महापालिका असते. एका रात्रीचं आम्ही करतो. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचं तुमच्याकडे मागते आहे.

माझ्या माहेरच्या वाड्याबद्दल थोडं लिहिते, कारण त्यातून एक गोष्ट मला कळली. अमरावतीचा परकोट पेंढाऱ्यांच्या भीतीनं निजामाच्या अमलात बांधला गेला, १८०७ च्या सुमारास. आत कापसाच्या, सराफीच्या पेढ्या आणि आमच्यासारख्यांची घरं. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट अशा वेशी, मध्ये खिडक्या. इतकी जिवाच्या भीतीनं भिंतीआड राहिलेली माणसं, पण घराला ओटा ठेवायला विसरली नाहीत. ओटा बांधायचा घरमालकानं, आणि बसायचं रस्त्यानं. भाजीवाली टोपलं उतरवायची, पोस्टमन घाम पुसायचा, कीर्तनाहून येणाऱ्या म्हाताऱ्या टेकायच्या. कुणी विचारून बसत नसे. आमच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या. रस्त्यावर डांबराचे, मग सिमेंटचे थर चढत गेले, रस्ता वर वर येत गेला. आज पायरी एकच उरली आहे आणि ओटा जवळजवळ रस्त्याच्या पातळीला आला आहे. पावसात पाणी आत येतं म्हणून भावानं त्यावर हातभर भिंत घातली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या भिंतीबरोबर गल्लीतली बसायची एक जागा गेली. अशा शेकडो गेल्या असतील. घरांनी रस्त्याला दिलेलं एक एक करून संपत गेलं, आणि रस्त्यानं त्याच्या जागी काही दिलं नाही.

अमरावतीतच १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताची धुरा दादासाहेब खापर्ड्यांकडे. दुष्काळाचं आणि प्लेगचं साल, टिळक तुरुंगात. तशा दिवसांत या गावानं देशभरातले पाहुणे सांभाळले. शाळेत हा धडा शिकवताना मी मुलांना सांगायची, नेत्यांची भाषणं पुस्तकात आहेत; पण एवढ्या माणसांची पाण्याची घागर कुणी भरली असेल, त्यांची नावं कुठं नाहीत.

आणि मग बाबा. या २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांच्या जन्माला दीडशे वर्षं पूर्ण होतात. शेंडगावात जन्मलेला हा माणूस, पेढी नदीच्या पुलापाशी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ ला गेला, समाधी अमरावतीत. त्याच्या नावाचं विद्यापीठ आपल्याकडे, त्याच्या नावाचं नगर आपल्याकडे. जयंतीला तुम्ही सगळे हार घेऊन जाल, जायलाच हवं. मला फक्त एवढी आठवण करून द्यायची आहे की, बाबांच्या हातात खराटा होता तो सगळ्यांना माहीत आहे. पण बाबांनी आयुष्यभर जे बांधलं ते काय होतं? ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, कारण यात्रेला आलेल्या माणसांचे चिखलात हाल होत होते. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण ज्यांना कुणी ओसरीवर उभं करत नव्हतं त्यांनी रात्र काढायची कुठं? नाशिक, देहू, आळंदी, जिथं जिथं परका माणूस उघड्यावर पडलेला दिसला तिथं धर्मशाळा. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याच्या अन्नापाठोपाठ तहानलेल्याचं पाणी येतं, आणि बेघराचा आसरा फार लांब नाही. वऱ्हाडातल्या एका निरक्षर माणसानं महाराष्ट्रभरच्या पाहुण्यांची सोय केली. त्याच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर एखादी बाई तहानलेली उभी असेल आणि पाणी पिऊ धजत नसेल, तर मला ते सहन होत नाही.

माझी धाकटी बहीण नातवंडाच्या वेळी आयर्लंडला तीन महिने राहून आली. भाचा गॉलवेला असतो. पश्चिम किनाऱ्यावरचं गाव, अटलांटिकच्या काठावर, लाखभरही वस्ती नाही. आपलं अकोला त्याच्या कितीतरी पट. पाऊस जवळजवळ रोज. बहीण सांगते, सॉल्टहिल नावाचा समुद्राकाठचा रस्ता आहे, दोनेक किलोमीटरचा, गावातली सगळी माणसं तिथं चालायला येतात, टोकाला पोहोचली की तिथल्या भिंतीला पाय लावतात आणि मागं फिरतात. तीही पाय लावून यायची, नऊवारीतच. वाटेत बाकं. काही बाकांवर लहानशी पट्टी, कुणाच्या आईच्या नावाची, कुणाच्या आजोबांच्या, ज्यांना हा समुद्र आवडायचा त्यांच्या. बहीण म्हणाली, "तिथं मला कुणी घरात बोलावून पाणी नाही दिलं वं, पण गावात फिरताना कुठी बसू, कुठी जाऊ हा विचार तीन महिन्यांत एकदाही नाही आला."

ऐकून मला हेवा वाटला नाही, आपल्याकडच्या पाणपोया आठवल्या. त्यावरही नाव असतंच की. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. लाल कापड गुंडाळलेले रांजण, वर पळसाच्या पानांचं किंवा तुराट्यांचं छप्पर, लांब दांडीचं ओगराळं आणि ओंजळीत धार धरणारी एखादी म्हातारी. पाण्याला वाळ्याचा वास. लहानपणी इतवाऱ्यात आईबरोबर गेले की मी तहान नसताना पाणी मागायची, त्या वासासाठी. दान द्यायची रीत आपल्यात आहे, नाव लावायची हौस आहे. महापालिकेनं जागा द्यायची, रोजची देखभाल करायची, रांजण आणि पार लोक देतील. मी माझ्या पहिल्या पेन्शनमधून बाजूला ठेवलेले पैसे याचसाठी आहेत.

आता मागणं. पार बांधा. शहरभर जे मोठे कडूनिंब, पिंपळ, वड अजून उभे आहेत त्यांच्याभोवती दगडाचा नाहीतर विटांचा, दीड फूट उंचीचा पार. त्याहून उंच झाला तर म्हाताऱ्यांना चढता येत नाही, बुटका झाला तर उठता येत नाही. मी आईला घेऊन मोजलं आहे. बुंध्याशी मोठं अळं मोकळं ठेवा, सिमेंट थेट खोडाला भिडवलं की झाड मरतं. स्टीलची बाकं उघड्यावर बसवू नका, आपल्याकडे मार्च ते जून ती बसण्याच्या कामाची नसतात. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि प्रशासनाला उन्हासाठी कलम १४४ लावावं लागलं, शिकवण्यांच्या वेळा बदलाव्या लागल्या. असं ऊन असलेल्या गावात सावली ही दवाखान्याइतकीच गरजेची आहे. अकोल्यात पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर चालायला जाणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही. त्या झाडांखाली पाऊल ठेवलं की अंगाची काहिली कमी होते. तसा एखादा रस्ता गावाच्या आत का नसावा, स्टँडपासून दवाखान्यापर्यंत?

पारापाशी पाणी. रांजण असो की कोठी, ती कुणी धुतली, केव्हा धुतली ते खडूनं लिहिलेलं असावं.

आणि बायांसाठी स्वच्छतागृह. याबद्दल मी लाजणार नाही, तुम्हीही लाजू नका. नुसती इमारत नको, तशा कुलूपबंद इमारती मी खूप पाहिल्या. दाराला आतून कडी हवी. दिवा हवा. नळाला पाणी हवं. आणि भिंतीत एक खुंटी हवी. हातात दवाखान्याची फाईल, खांद्यावर पिशवी, कडेवर लेकरू, ओल्या फरशीवर ठेवणार काय? खुंटी नाही म्हणून किती बाया आतून तशाच परत येतात, ते कुठल्याही नगरसेविकेला विचारा, ती सांगेल. बाहेर एक बाई नेमा, तिला महिन्याच्या महिन्याला पगार द्या, तिच्या बसण्याची, तिच्या पाण्याची सोय करा. ती तिथं आहे एवढ्यानं संध्याकाळी सातनंतर मुलगी आत जायला घाबरणार नाही.

एक विनंती हातगाडीवाल्यांविषयी. पार बांधायचे म्हणून त्यांना उठवू नका. अतिक्रमण हा शब्द मी तुमच्याइतकाच ऐकते, आणि फुटपाथवर चालायला जागा हवी हेही मला मान्य आहे. पण आईला स्टूल कुणी दिलं? परगावचा माणूस पत्ता कुणाला विचारतो? रात्री दहाला शेवटची गाडी चुकलेल्या मुलीच्या बाजूनं कोण उभं राहतं? गिल्या वड्याच्या गाडीवरचा दिवा, रसवंतीचं घुंगरू, पानठेल्याची चार माणसं, यांच्यामुळं चौकाला डोळे असतात. त्यांना पाराच्या कडेला आखून जागा द्या आणि रांजण भरायचं काम त्यांच्याकडे सोपवा. ते करतील.

पैसे नाहीत असं म्हणाल. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत सलग पडलं, आणि त्याची जगाच्या विक्रमांत नोंद झाली. मी त्या रस्त्यावरून आजही जाते. पूर्वी कंबर मोडायची, आता चहा सांडत नाही. मूर्तिजापूरपाशी मान वळते ती शकुंतला रेल्वेच्या गंजलेल्या रुळांकडे, आणि जुन्या सहा नंबरच्या रस्त्यावरची झाडं चौपदरीकरणात गेली त्याची हळहळ वाटते, पण रस्ता चांगला झाला हे नाकारणार नाही. रात्रंदिवस माणसं राबली, यंत्रं थांबली नाहीत, कारण कुणीतरी ठरवलं होतं. त्या रस्त्यानं माणूस तासा-दीड तासात एका शहरातून दुसऱ्या शहरात येतो. उतरल्यावर त्याला टेकायला दीड फूट उंचीचा दगड लागतो.

सगळीकडे एकदम करा असं म्हणत नाही. या उन्हाळ्यापुरता दोन्ही शहरांत एक एक चौक निवडा. अमरावतीतला कडूनिंब मी दाखवते. टोप्यावाल्याशी माझं बोलणं झालं आहे. रांजण तुम्ही ठेवा, सकाळ-संध्याकाळ भरायचं मी पाहतो, असं तो म्हणाला. बुंध्याचा घेर मी दोरीनं मोजून आणला आहे, पावणेआठ फूट भरतो. तुमच्यापैकी ज्याला वेळ असेल त्यानं सकाळी अकराच्या आत यावं, त्यानंतर सावली रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जाते. आई यायचं म्हणते आहे. पार किती उंच हवा ते ती बसून सांगेल.

आपली,
अमरावतीची लेक आणि अकोल्याची सून
फेब्रुवारी २०२६